दोन्या चायोच्या हातचे

ला नोरिया, १४ मार्च २०२२

बेतो,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची मला सवय आहे. आज लिहीत नाही. विसरले असं समजू नकोस.

तुझी पाटी माझ्या कुंपणावर कोणी लावली? तू की तुझ्या त्या लाल टोपीवाल्यांनी? ‘हर्ब कांतू, काउंटी क्लार्क.’ हर्ब म्हणे! आईने हेरिबेर्तो ठेवलं, गल्लीने बेतो केलं, बावन्न वर्षं त्यावर तुझं भागलं. हत्तीच्या पक्षाची उमेदवारी मिळाल्याबरोबर हर्ब झालास. पाटी मी काढली, पण फेकली नाही. प्लास्टिक चांगलं जाड आहे, कोंबड्यांच्या खुराड्याला भोक पडलं होतं ते बुजवलं. तुझा चेहरा आतल्या बाजूला आहे.

अडतीस वर्षं मी या काउंटीत गाढवाच्या पक्षासाठी मतं गोळा करते. लोक मला पोलितिकेरा म्हणतात, काहीजण प्रेमाने, काहीजण थुंकल्यासारखं. तुला वेगळं सांगायला नको, तू माझ्याच व्हॅनच्या मागच्या सीटवर मोठा झालास. कोणत्या म्हातारीला रविवारी बार्बाकोआचे टाको नेले की ती घराबाहेर पडते, कोणाला हात धरून मतदान केंद्राची पायरी चढवावी लागते, हे तुला तेव्हा तोंडपाठ होतं. आणि त्याच माहितीवर तू आता माझ्याविरुद्ध दुकान थाटलं आहेस.

ऑस्टिनहून आपल्या पक्षाचे ते नकाशेवाले यायचे, आठवतंय? शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर आलेख दाखवायचे. दरवर्षी आपली इतकी पोरं अठरा वर्षांची होतात, तिकडचे इतके गोरे म्हातारे मरतात, थोडं थांबा, वीस वर्षांत अख्खं टेक्सास आपलं. आम्ही टाळ्या वाजवायचो. पोरं झाली अठरा वर्षांची. तेलाच्या विहिरींवर गेली, हिरवा गणवेश घालून सीमेच्या पहाऱ्यावर उभी राहिली, घरं बांधली, आणि तुमच्याकडे वळली. नकाशेवाल्यांनी डोकी मोजली, डोक्यात काय चाललंय ते विचारलं नाही. मीही नाही विचारलं. मी आपली टाको वाटत होते.

तू म्हणशील, मला तिकडे तूच ढकललंस. २०१४ साली तू आमच्याच पक्षातून कॉन्स्टेबलच्या जागेसाठी उभा राहिलास आणि तुझ्या सख्ख्या बहिणीने तिची व्हॅन दुसऱ्यासाठी फिरवली. हो, फिरवली. तुला पाडलं मीच. त्याला कारण होतं आणि ते तुला सांगण्यासारखं नव्हतं. आठ वर्षं तू ते मनात ठेवलंस, तर अजून थोडी वर्षं ठेव.

ओरालिया


२० जून २०२२

बेतो,

काल तुझी सभा मागच्या बाकावर बसून ऐकली. तू मला पाहिलंस आणि पाहिलं नाही असं दाखवलंस. असो. माझं भांडण त्यासाठी नाही.

दोन्या चायोला मध्ये का ओढलंस? ती दाई मरून एकतीस वर्षं झाली. या गावात दवाखाना नव्हता तेव्हा तिच्या मागच्या खोलीत आपल्या अर्ध्या लोकांनी पहिला श्वास घेतला. आणि तू माइक हातात घेऊन सांगतोस, की दायांनी पलीकडे मेक्सिकोत जन्मलेल्या मुलांचे दाखले पैसे घेऊन इकडचे करून दिले, मी क्लार्क झालो की दाईच्या हातचा प्रत्येक जन्म तपासणार, ज्याला सिद्ध करता येणार नाही त्याचं नाव मतदारयादीतून काढणार. जन्माच्या नोंदी आणि मतदारयादी, दोन्ही क्लार्कच्याच ताब्यात. म्हणजे पोकळ धमकी नाही ही.

त्यावर कडी म्हणजे तू खिशातून स्वतःचा दाखला काढून फडकावलास. “मीसुद्धा दोन्या चायोच्या हातचा आहे. माझा खरा आहे म्हणून मला भीती नाही. ज्याला भीती वाटते त्याने का वाटते ते सांगावं.” लोक उभे राहून ओरडले. माझ्या शेजारी चेंचो साल्दान्या बसला होता, तोही तिच्याच हातचा, तोही उभा राहून ओरडला. मी त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं.

घरी येऊन मी तुला फोन केला. तू काय म्हणालास ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या नाही म्हणायला नको.

“ओरा, तुझं पीक जळतंय म्हणून तुला झोंबतंय.”

“बेतो, दुसरं काहीही कर. भिंत बांध, कर कमी कर, मला शिव्या दे. त्या नोंदींना हात लावू नकोस.”

“का? त्या चायोवाल्यांतली किती मतं तुझ्या व्हॅनमधून जातात?”

“सगळी.”

“मग झालं तर,” म्हणालास आणि फोन ठेवलास.

मतांसाठी बोलते असं तुला वाटत असेल तर वाटू दे. मी मतांसाठी पुष्कळ खोटं बोलले आहे, हे नाही बोलले. एक गोष्ट मी बारा वर्षांची असल्यापासून जपते आहे. तू त्या नोंदी उघडल्यास तर ती माझ्या हातून सुटेल, आणि सुटली की सगळ्यात आधी तुझ्याच पायावर पडेल. याहून जास्त कागदावर लिहिणार नाही. एकदा घरी ये.

ओरालिया


२८ ऑक्टोबर २०२२

बेतो,

आला नाहीस. बायकोच्या हाती निरोप पाठवलास, “निवडणुकीनंतर बघू.” निवडणुकीनंतर उशीर होईल म्हणून तर बोलावत होते.

आगाऊ मतदानाचा आज पाचवा दिवस. आज सकाळी दोन्या युलालियाला न्यायला गेले. ब्याऐंशी वर्षांची बाई, १९८४पासून माझ्या व्हॅनमध्ये पुढच्याच सीटवर बसते. पाहते तर अंगणात तयार होऊन बसलेली, हातात पर्स, ओठांना रंग.

“चला कोमाद्रे.”

“मी नातवाबरोबर जाणार आहे गं. तो येतोय.”

“तो तर पहाऱ्यावर असतो ना?”

“सुट्टी घेतलीय त्याने. मिहा, पोरी, रागावू नकोस. तू आणतेस ते टाको चांगले असतात. पण त्याने मला छप्पर घालून दिलंय.”

“आणि आम्ही काय केलं नाही तुमच्यासाठी?”

ती विचारात पडली. खरंच आठवून पाहत होती, त्याचाच मला जास्त राग आला. मग म्हणाली, “तू यायचीस. तू नेहमी यायचीस हे खरं आहे. पण तू ज्यांच्यासाठी यायचीस ते कधी आले नाहीत.”

मी व्हॅन घेऊन निघून आले. व्हॅनमध्ये आज दोघं होते. पूर्वी अकरा बसायचे, एकमेकांच्या मांडीवर.

हे वाचून तू खूश होशील. हो. पण एक लक्षात ठेव, तू या लोकांना जिंकून घेतलेलं नाहीस. ते आमच्यावर रुसून तुझ्याकडे आलेत. आणि तू त्यांना काय देणार? त्यांच्या आयांच्या बाळंतपणाची चौकशी.

ओरालिया


१० नोव्हेंबर २०२२

बेतो,

जिंकलास. दोनशे तीस मतांनी. या काउंटीत शंभर वर्षांत हत्तीचा माणूस कुठल्याच खुर्चीवर बसला नव्हता, तू बसणार. अभिनंदन लिहायला हात वळत नाही.

ऑस्टिनहून एका मुलाचा फोन आला होता. विचारत होता, “ओरालियाजी, चूक कुठे झाली?” म्हटलं, वजाबाकीत.

आता ऐक. हे पत्र मी टपालात टाकणार नाही, तुझ्या बायकोकडेही देणार नाही. तुझ्या हातात देऊन येईन. वाच आणि चुलीत घाल.

तू दोन्या चायोच्या हातचा नाहीस.

फेब्रुवारी १९७०मध्ये पलीकडे कामार्गोला आजी वारली. नऊ दिवसांच्या प्रार्थनेसाठी आई-बाबा मला घेऊन तिकडे गेले. तुला यायला तीन आठवडे बाकी होते. पाचव्या दिवशी आजीच्या स्वयंपाकघरात, खाटेवर, शेजारच्या बाईच्या हातून तू जन्मलास. पाणी मीच गरम केलं होतं. आईला रक्त जात होतं, तिला उठता येईना. तेव्हा बाबांनी ठरवलं की बाळ आधी न्यायचं. पुलावरून बाबा पुढे आणि मी तुला शालीत घेऊन मागे. चौकीवरच्या माणसाने विचारलं, “हे कोण?” मी म्हटलं, “माझा भाऊ.” ते खोटं नव्हतंच, म्हणून मला बोलता आलं.

बाबा थेट दोन्या चायोकडे गेले. आई-बाबा दोघंही तेव्हा मेक्सिकोचेच नागरिक, इथे नुसते कामाला. तू पलीकडचा ठरला असतास तर पलीकडचाच राहिला असतास. बाबा तिच्यापुढे हात जोडून उभे. दोनदा तिने नाही म्हटलं. म्हणाली, “मी असलं करत नाही, सेन्योर कांतू. एकदा केलं की बाकीच्यांचंही खोटं ठरेल.” मग तू रडलास. तिसऱ्यांदा तिने लिहिलं. पैसे घेतले नाहीत. लिहून झाल्यावर आत गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. जाताना मला म्हणाली, “पोरी, तू पाहिलंस, आता तुझ्या पोटात राहू दे.”

मी स्वतः तिच्या मागच्या खोलीत जन्मले, १९५८ला. माझा खरा आहे. चेंचोचा खरा आहे, सगळ्यांचे खरे आहेत. तिने आयुष्यात एकच खोटा दाखला लिहिला आणि तोच तू भर सभेत फडकावलास.

आता कळलं २०१४ साली व्हॅन दुसरीकडे का फिरवली? निवडणुकीत उभ्या राहणाऱ्या माणसाचे कागद विरोधक उकरतात. तू पडलास तर घरी परत येशील, असं मला वाटलं. तू तिकडे जाशील हे मला सुचलं नाही. ती माझी चूक आणि ती मी कबूल करते. माफी मात्र मागत नाही, कारण या सहा महिन्यांत तू जे बोललास त्याने फिटलं सगळं.

दाईच्या हातचे जन्म तपासू नकोस. आश्वासन दिलंय तर मोडून टाक, निवडून आलेली माणसं रोज मोडतात.

ओरालिया


१७ जानेवारी २०२३

बेतो,

दोन महिने विचार करून काल आलास. अंगणात खुर्ची दिली तर बसला नाहीस. कॉफी दिली तर कठड्यावर ठेवलीस. मला वाटलं विचारशील, आई तेव्हा काय म्हणाली, आजीचं घर कसं होतं, बाबा घाबरले होते का. माझ्याकडे सगळं तयार होतं. बावन्न वर्षं तयार होतं.

तू काय विचारलंस?

“आणखी कोणाला माहीत आहे?”

“मला.”

“लेखी काही?”

“तुला दिलेलं पत्र.”

“ते जाळलं.” मग बुटाने माती उकरत राहिलास. “ओरा, हे तू मला छळायला रचलेलं असेल तर?”

“तसं समजून निवांत झोप.”

“मी काय करावं असं तुझं म्हणणं आहे? दोनशे तीस मतं मला याच आश्वासनावर मिळालीत.”

“तुझ्यासारखी माणसं यादीतून काढायच्या आश्वासनावर.”

तेव्हा तू पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलंस. “माझ्यासारखी नाही. मी चौतीस वर्षं या देशाचा कर भरलाय. मी सैन्यात होतो.”

“चेंचोही होता.”

तू गाडीत बसलास. काच खाली करून म्हणालास, “बघतो काय करता येतं ते.” मी मूर्ख असेन, पण मला वाटतं तू त्यांच्यासाठी बघणार आहेस.

ओरालिया


३० मे २०२३

क्लार्कसाहेब,

तुमची नोटीस मला एप्रिलमध्ये मिळाली. तुमच्याच सहीची. तीस दिवसांत जन्माचा पुरावा सादर करावा, नाहीतर मतदारयादीतून नाव कमी होईल. एकशे सत्याऐंशी जणांना गेली, मला धरून. मी यादी मागवून घेतली, तिच्यात एकशे अठ्ठ्याऐंशी नावं. पहिलं नाव तुमचं. पुढे शिक्का, ‘तपासले, योग्य’. खाली तुमचीच सही आणि तारीख १७ जानेवारी. म्हणजे माझ्या अंगणातून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी. मला तर तुझा हेवाच वाटला बेतो, इतक्या लवकर सगळी शंका फिटली.

काय पुरावा द्यायचा आम्ही? दाई मेलेली, आया मेलेल्या. आमच्यासाठी मदतसंस्थेची एक वकील मुलगी आली. तिने आम्हाला चर्चच्या हॉलमध्ये बसवलं. अर्ध्याहून जास्त लोकांनी तुलाच मत दिलेलं. चेंचो म्हणाला, “काहीतरी चूक झाली असणार. हर्ब चांगला माणूस आहे. हे दुसऱ्यांसाठी असेल.”

“चेंचो, दुसरे कोण?”

“आहेत की. असतीलच ना कोणीतरी.” आणि त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळेच आजूबाजूला पाहत होते. मला त्याला हाणावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं.

वकील मुलीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, “तुम्ही वयाने मोठ्या, तुमची साक्ष पहिली. सगळं एका गोष्टीवर आहे. या बाईने एकही खोटी नोंद केल्याचं दिसलं नाही, तर तिचे दाखले टिकतील. एक जरी खोटी निघाली, तर सगळे गेले. तुम्हाला असं काही माहीत आहे का?”

मी म्हटलं, “शपथेवर काय विचारतील तेव्हा सांगेन.”

काल सुनावणी झाली. टेबलाच्या पलीकडे तू, अलीकडे मी, मध्ये ती टाइप करणारी मुलगी. मागे भिंतीला टेकून एकशे शहाऐंशी माणसं उभी, बायका पंख्यासारखी ती नोटीसच हलवत होत्या. तू छापील कागदावरून एकेक प्रश्न वाचत होतास. नाव. वय. आईचं नाव. माझ्या आईचं नाव विचारताना तुझा आवाज सरळ होता, शाबास.

मग तो प्रश्न आला. तू वाचायचा थांबलास. टाइप करणाऱ्या मुलीने मान वर केली. तू पाणी प्यालास.

“तुमच्या माहितीप्रमाणे,” तू म्हणालास, “या दाईने कधी, कोणाचीही, खोटी जन्मनोंद केली होती का?”

तू कागदाकडे पाहत होतास. मी तुझ्या डोक्याकडे पाहत होते. विरळ होत चाललंय, बाबांसारखं.

बेतो, मला खरं बोलावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाटलं. एक शब्द, आणि तुझी खुर्ची, तुझी पाटी, तुझं ते हर्ब, सगळं त्या खोलीतच संपलं असतं. त्या सभेपासून मी तुझी अशीच उतरलेली मान मनात पाहत होते.

“नाही,” मी म्हटलं. “एकही नाही.”

तू लिहून घेतलंस. लिहायला वेळ लावलास.

आयुष्यात पहिल्यांदा मी बायबलवर हात ठेवून खोटं बोलले आणि बाहेर आल्यावर लोकांनी मला मिठ्या मारल्या. दाखले ग्राह्य धरल्याचा तुझा आदेश आज सकाळी मिळाला. वर्तमानपत्रवाल्यांना तू सांगितलंस, की निष्पक्ष चौकशी झाली, यादी शुद्ध आहे. चेंचो म्हणाला, “बघ, सांगितलं होतं ना, चांगला माणूस आहे.” तो पुन्हा तुलाच मत देणार आहे.

तुला आता वाटेल, बहिणीचं रक्त शेवटी उसळलं. तसं मनातही आणू नकोस. घरी येऊ नकोस, नाताळला तमालेस पाठवू नकोस, बायकोच्या हाती निरोप नको. ही माणसं यादीत आहेत तोवर मी गप्प आहे. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, कधीही तुझ्या पक्षाला पुन्हा हुक्की आली आणि तू यांची नावं खोडलीस, तर मी त्याच खुर्चीवर येऊन बसेन आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावेन.

माझ्याकडे गप्प राहायला एकशे सत्याऐंशी कारणं होती. तुझं नाव यादीत पहिलं छापलंय, पण मी मोजताना ते सोडून दिलं.

ओरालिया कांतू
यादीतला अनुक्रमांक ४१